दस्तगीरचाचांची साठ झाडं

दस्तगीरचाचांना नवं झाड लावायचा तिटकारा होता. बागवान माणसाबद्दल असं सांगितलं की ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण त्यांच्या शेजारी मी आठ-नऊ वर्षं काढली, आणि त्यांनी आपल्या मनानं एखादं रोप लावलेलं मला आठवत नाही. मिरगाच्या आधी गावातलं कुणी ना कुणी हातात रोप घेऊन त्यांच्याकडं यायचं. "चाचा, हे कुठं लावू?" चाचा रोपाकडं बघायचेच नाहीत. माणसाकडं बघून विचारायचे, "चैतात गावात हायेस का?"

"हाय की. कुठं जातोय?"

"मग चैतात ये. तवा सांगतो कुठं लावायचं ते."

माणूस हसत हसत परत जायचा आणि रोप आपल्या मनानं कुठंतरी लावून टाकायचा. चैतात ते वाळलेलं असायचं.

गाव भूमपासून तीन-चार कोसांवरचं. नाव सांगत नाही. या हकिकतीतल्या माणसांची मुलं-नातवंडं अजून तिथं नांदतात आणि त्यातली काही माझ्या हाताखाली शिकलेली आहेत. डोंगराच्या अंगचं हलकं रान. हातभर माती उकरली की खाली मुरूम. निजामाचं राज्य होतं. मी बाविसाव्या वर्षी तिथं मास्तर म्हणून गेलो. शाळा दोन खोल्यांची, आणि मागच्या भिंतीपलीकडं जहागीरदाराची आमराई. जहागीरदार हैदराबादेत राहायचे. वर्षातून दोन-तीनदा त्यांचा मुखत्यार घोड्यावरून येऊन जायचा. एरवी बागेत माणसं दोनच, दस्तगीरचाचा आणि हजराचाची. आणि मोटेचे दोन बैल. एक मुलगा होता, युसूफ, तो हैदराबादेत गिरणीत लागला होता आणि फारसा येत नसे.

गावात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी धोतर धुऊन भिंतीवरून आत आलेल्या आंब्याच्या फांदीवर वाळत टाकलं. थोड्या वेळानं एक उंच, वाळका माणूस दारात उभा. दाढी पांढरी, मुंडाशात सायकलची तार खोचलेली, आणि हातावर माझं ओलं धोतर नीट घडी घालून ठेवलेलं.

"मास्तर, नवे हाय तुमी, म्हणून सांगतो. ह्या खोबऱ्याची कंबर दुखतीय. वजन नका टाकू."

खोबऱ्या म्हणजे ते झाड. बागेतल्या साठही आंब्यांना नावं होती. शेप्या, साखऱ्या, केळ्या, गोटी, काळ्या. मुंडाशातली तार भिरुडासाठी. खोडाला भोक पडून भुसा दिसला की चाचा तार आत घालायचे, आणि किडा बाहेर येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. साठीला टेकलेला माणूस, पण बांडगूळ काढायला शेंड्यापर्यंत चढायचा. सकाळी पहिली फेरी झाल्याशिवाय तोंडात घास नाही. शुक्रवारी नमाजाला निघाले तरी मशिदीकडं जायची वाट ते बागेतून काढत. खरं तर ती वाट लांबची होती.

लावण्याचा हा तिटकारा कुठून आला, ते मला हजराचाचीनं सांगितलं. ती चुलीपुढं ज्वारीच्या भाकरी थापत होती, मी उंबऱ्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "त्येंच्या वालिदनं दोनशे लावले व्हते. जहागीरदाराचा हुकूम, एका सालात दोनशे. हे सात वर्साचे. डोक्यावर घागर घेऊन पाणी घालायचे. म्होरं दोन साल पाऊस न्हाय. एकशेचाळीस मेले. मेलेली उपटायचं काम पोराकडं. आख्खा हिवाळा सासूनं त्या काटक्यांवर भाकरी भाजल्या. हे म्हणत्यात, त्या भाकरीची चव अजून तोंडात हाय."

हे ऐकूनही मी शहाणा झालो नाही. नवा मास्तर होतो, डोक्यात कल्पना होत्या. दुसऱ्याच पावसाळ्यात शाळेभोवती तीस पोरांच्या हातून तीस पेरू लावले. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. चाचा भिंतीपलीकडून बघत होते.

"चैतात?" त्यांनी एवढंच विचारलं.

"पोरं घालतील की पाणी," मी म्हणालो. "जबाबदारी शिकतील."

चैतात पोरं मायबापाबरोबर रानात, लग्नांत, मामाच्या गावाला. सुट्टी लागली आणि मीही घरी गेलो. जूनमध्ये परत येताना मनाची तयारी केली होती, की तीस काटक्या दिसतील. बघतो तर सत्तावीस पेरू हिरवेगार. मी भारावलो. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांना उभं करून सांगितलं, बघा, मनावर घेतलं की काय होतं. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. त्यांच्यातल्या कुणीच पाणी घातलं नव्हतं.

हजराचाचीनं संध्याकाळी सांगितलं. दोन महिने चाचा रोज मोट सुटल्यावर विहिरीतून घागरीनं पाणी काढून भिंतीवरून पलीकडं देत होते, आणि ती पलीकडं उभी राहून घेत होती. विहीर तळाला गेलेली. एवढं पाणी कुठून तरी तोडायला हवंच होतं. ते कोपऱ्यातल्या गोटीचं तोडलं. मी जाऊन पाहिलं. गोटीचे शेंडे वाळून करडे पडले होते.

मी माफी मागायला गेलो. चाचा आळं खुरपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आम्हाला सांगायचं नाही का? मेले असते तर मेले असते," मी म्हणालो.

"लावायच्या आधी ते तुमचं असतंय मास्तर. लावल्यावर कुणाचं ऱ्हात न्हाय. तहान लागली की ते जवळ कोण हाय त्येच्याकडं बघतंय." मग खुरपं बाजूला ठेवून ते एकदम तापले. "आता पुन्ना लावू नका. हात जोडतो तुमाला. हायेत ती जगवू द्या."

माझ्यावर त्यांनी आवाज चढवलेला तो एकदाच. गोटी पुढच्या वर्षी सावरली, पण तिला फळ धरलं नाही.

त्यानंतर मुखत्यार मोसंबीचा हुकूम घेऊन आला. जहागीरदारांनी कुणाच्या तरी बागेत मोसंबी बघितली होती. तशी आपल्याकडं हवी. दोनशे. आंब्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत खड्डे घ्यायचे, रोपं गाडीनं येतील.

चाचांनी त्याला विहिरीवर नेलं. शाळा सुटली होती, मी भिंतीशी उभा होतो. मुखत्यार पायऱ्यांवर रुमाल टाकून बसला. चाचा खाली उतरले आणि दगडावरच्या पाण्याच्या रेघा हातानं दाखवायला लागले. ही पोळ्याची. ही संक्रांतीची. ही शिमग्याची. आणि खाली, जिथं ते गुडघाभर पाण्यात उभे होते, ती आजची.

"हुजूर, ह्या विहिरीत साठ झाडांचं पानी हाय. एकसष्टाव्याचं बी न्हाय. आन् साठातल्या धा-बारांना भिरूड लागलंय. शेनखत दोन साल न्हाय. एवढं बरं करून द्या, आंबा दुप्पट देतो तुमाला."

मुखत्यार हसला. वाईट माणूस नव्हता तो, कंटाळलेला होता. "दस्तगीर, जुन्या झाडांना खत घातलं हे मी सरकारला काय दाखवू? बाग होती तशीच दिसणार. नवी दोनशे लावली की दिसतात."

"आन् मेली की?"

"मेली तर तू घर खाली करायचं."

दोनशे मोसंबी लावून झाल्या. खड्डे घेताना आंब्यांच्या मुळ्या तुटल्या. त्या चाचांनी गोळा करून बांधावर ठेवल्या होत्या. पहिली दोन वर्षं पावसानं सांभाळलं. चाचा रात्रंदिवस राबत. मडकी पुरून झिरपं पाणी देत, पाल्याचा थर घालत. मोसंबीवरही ते आंब्याइतकीच मेहनत घेत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण नवी झाडं दरसाल जास्त पाणी मागायला लागली, आणि तिसऱ्या वर्षी पाऊस गेला. शिमग्यालाच विहीर त्या शेवटच्या रेघेवर आली.

एके दिवशी दुपारी ते शाळेच्या दारात आले. "मास्तर, पोरं सोडली की बागेत या. एकट्यानं व्हत न्हाय."

मला वाटलं, काही उचलायचं असेल. गेलो तर त्यांच्या हातात नुसतं फावडं. पाटाच्या कडेनं ते पुढं चालायला लागले, मी मागं. एका आंब्यापाशी थांबले. वर बघितलं, खोडावर तळहात ठेवला, मग पाटातून आळ्यात पाणी जायचं तोंड चिखलानं बंद केलं आणि पायानं दाबलं. म्हणाले, "काळ्या." पुढं गेले.

मला तेव्हा कळलं, आज कुठल्या झाडांचं पाणी बंद करायचं ते ठरत होतं.

बावीस झाडं. पाटापासून लांबची, भिरुडानं पोखरलेली, फळ कमी झालेली. प्रत्येकापाशी तळहात, मग चिखल, मग नाव. शेप्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले आणि तसेच पुढं गेले. त्या झाडाचे आंबे गावातल्या प्रत्येक गरोदर बाईकडं जायचे. शेजारच्या रानातल्या किसनची बायको तर आठव्या महिन्यात स्वतः येऊन त्याच्या बुडाशी बसायची. पुढची तीन झाडं झाल्यावर चाचा वळले, परत शेप्यापाशी आले आणि तोंड बुजवलं.

शेवटी पाटात हात धुताना मी विचारलं, "मला कशाला बोलावलंत? मी काहीच केलं नाही."

"कुनीतरी बघितलेलं पायजे," ते म्हणाले.

"मग मोसंबीच मरू द्यायची होती. ती तर तुम्हाला नकोच होती."

"ती बी प्यायला लागलीत न्हवं आता." आणि फावडं उचलत, "घर खाली करायला सांगितलंय ते बी हायच. हजरा कुठं जाईल?"

बावीसातली चौदा त्या उन्हाळ्यात गेली. मोसंबीची निम्मी त्या उन्हाळ्यात आणि बाकीची पुढच्या दोन वर्षांत गेली. मुरमात तिची मुळं उतरलीच नाहीत. जहागीरदारांनी तिचं एकही फळ खाल्लं नाही. मुखत्यारानंही नंतर विषय काढला नाही. हैदराबादेतच सगळ्यांचं लक्ष दुसरीकडं लागलं होतं. चाचांना घर खाली करायला कुणी सांगितलं नाही. साठातले सेहेचाळीस आंबे उरले. चाचा म्हणाले, आता विहीर आणि झाडं पुन्हा जुळली. त्या वर्षी मी त्यांना जरा बरं हसताना बघितलं.

मग राज्य हलायला लागलं. त्या धामधुमीत बंदुका घेतलेली एक टोळी गावातून गेली आणि जाताना मोटेचे बैल सोडून घेऊन गेली. चाचा त्यांच्या मागं वेशीपर्यंत गेले. "बागेचे हायेत, माझे न्हाईत," म्हणत राहिले. बैल गेले ते गेले. पुढं लष्कर आलं, निजामाचं राज्य संपलं, आणि आमच्याकडं काही दिवस असे गेले की कुणाचंच राज्य नव्हतं.

त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. आजूबाजूच्या गावांत जे झालं त्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या गावात मुसलमानांची सहा घरं. पाटलांनी आणि मी मिळून त्यांना शाळेच्या आतल्या खोलीत ठेवलं आणि बाहेर कुलूप घातलं. चार दिवस. माणसाला धक्का लागला नाही, हे गाव आजही अभिमानानं सांगतं.

पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भिंतीपलीकडून कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला. जहागीरदार गेला, बाग बेवारस झाली, लाकूड कुणाचंही. बाहेरचं कुणी नव्हतं, गावचीच माणसं आणि गावच्याच गाड्या. मी बागेत गेलो, हात जोडले, ओरडलो. "मास्तर, आत मानसं झाकलीत तेवढं बास झालं," एकजण म्हणाला. मी परत येऊन खोलीच्या दाराशी बसलो.

फटीतून दिसत होतं, आत चाचा भिंतीला टेकून बसले होते. घाव कुठून येतो, कसा वाजतो, त्यावरून ते ओळखत. "केळ्या," ते म्हणाले. मग बराच वेळ घाव, मग फांद्या मोडत खाली येण्याचा आवाज. मग दुसऱ्या बाजूनं सुरुवात. "खोबऱ्या." हजराचाची म्हणाली, "नका ऐकू हो. पांघरून घ्या डोक्यावरनं." त्यांनी घेतलं नाही. बाकीची माणसं आपापल्या जिवाच्या भीतीनं गप्प होती, आणि हा माणूस एकेक नाव घेत होता.

रोज दुपारी किसन भाकरी घेऊन यायचा. चोवीस माणसांच्या भाकरी त्याची बायको आणि भावजय लपवून भाजत होत्या; बाहेरगावी कळलं असतं तर त्यांच्याच घरावर लोक आले असते. तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं, किसन टोपली घेऊन आत आला, आणि चाचा त्याच्याकडं बघत राहिले. किसनच्या पागोट्यावर, खांद्यावर, दंडावर लाकडाच्या बारीक ढलप्या होत्या.

"कंचं?" चाचांनी विचारलं.

किसन खाली बघायला लागला. "समदेच तोडायलेत चाचा. म्या न्हाय तोडलं तर दुसरा तोडील."

"कंचं रं?"

"साखऱ्या."

किसननं टोपली खाली ठेवली. चाचांनी त्यातली भाकरी उचलली, तिचे चार तुकडे केले, तीन बाजूच्या पोरांना दिले आणि चौथा खाल्ला. किसन दारात पाठमोरा उभा राहून रडत होता. मग टोपली घेऊन गेला.

चौथ्या दिवशी लष्कराची गाडी आली आणि सगळं थांबलं. अकरा आंबे उरले होते, विहिरीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, गाडी जायला वाट नव्हती तिथं.

वर्षभरानं नवे साहेब आले. जहागिरी खालसा झाली होती, बाग सरकारची. साहेब तरुण होते, खादीचे कपडे, बोलणं गोड. पस्तीस आंब्यांची बुडखं बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं. "इथं पुन्हा आमराई उभी करू," म्हणाले. शंभर कलमं आली. मांडव घातला, पोरांनी गाणी म्हटली, हार झाले. माझ्याकडून भाषण लिहून घेतलं होतं, ते साहेबांनी वाचलं. जुने बागवान म्हणून चाचांना पुढं बसवलं, आणि पहिल्या कलमाला पाणी घालायचा तांब्या त्यांच्या हातात दिला. चाचांनी पाणी घातलं. मग तांब्या हातातच ठेवून म्हणाले, "साहेब, चैतात?"

साहेबांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं.

"आता आपलं राज्य आहे बाबा," साहेब म्हणाले. "सगळं गाव मिळून पाणी घालेल."

गावानं पंधरा दिवस पाणी घातलं. मग पेरणी, मग सुगी. मोटेला बैल नव्हते. मागणीचा कागद मी तीनदा लिहून पाठवला. चाचा कावड घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायचे आणि चढायचे. दिवसाला वीस खेपा, पुढं पंधरा, पुढं दहा. गुडघे सुजले होते. पौष संपता संपता हे स्पष्ट झालं, की दहा खेपांत एकशेअकरा झाडं जगत नाहीत.

या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. एका सकाळी मी भिंतीवरून बघितलं, तर ते कावड घेऊन कलमांच्या ओळींमधून चालले होते, सरळ कोपऱ्यातल्या अकरा आंब्यांकडं. मुंडाशाचं टोक त्यांनी सोडून डोळ्यांवर ओढून घेतलं होतं, जनावराला झापड बांधावी तसं. रोज ते तसेच जायचे.

मी एकदा विचारलं, "चाचा, साहेब विचारतील."

"इच्चारू द्या. बापानं लावल्यालं एवढंच ऱ्हायलंय. ह्यांस्नी म्या मरू दिलं तर मागं काय हाय? ती शंभर जगतील कशावरनं?" आणि मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "ती बघत्यात मास्तर. मला कळतंय. शंभरच्या शंभर बघत्यात."

चैतात शंभर कलमं वाळली. वैशाखात साहेबांचा कारकून पंचनाम्याला आला. गावातून कुणीतरी अर्ज केला होता, की जुन्या राज्याचा माणूस आहे, नव्या सरकारची झाडं त्यानं मुद्दाम मारली. अर्ज कुणी केला ते मला कधी कळलं नाही. कारकुनानं लिहिलं, जुन्या अकरा झाडांच्या आळ्यांत ओल आढळली. नव्या शंभर रोपांना पाणी दिल्याच्या खुणा नाहीत. नेमलेल्या माणसानं जाणूनबुजून असं केल्याचं दिसतं.

पंच म्हणून माझी सही हवी होती. मी म्हणालो, "विहीर लिहा. बैल नाहीत ते लिहा. या माणसाचं वय लिहा."

"मास्तर, एवढं विचारलेलं नाही. जे लिहिलंय ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. निजामाच्या वेळच्या मास्तरांची तेव्हा चौकशी चालली होती; कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, ठरायचं होतं. घरी बायको, लहान मुलगी. मी सही केली.

चाचांनी मला विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "खरं हाय," म्हणाले, आणि अंगठा पुढं केला.

आठ दिवसांत त्यांना बागेतलं घर सोडायला लावलं. मशिदीच्या पडवीत दोघं राहिली. किसनच्या घरून भाकरी जायची. मी चार-दोनदा गेलो. चाचा नीट बोलायचे, चाची पाणी द्यायची, आणि मला तिथं बसवत नसे. बागेला नवा माणूस नेमलाच नाही. दोन उन्हाळ्यांत त्या अकरांचीही पानं गेली. गावानं ती तोडली तेव्हा कुणाला चोरून तोडावी लागली नाहीत.

माझी नोकरी पक्की झाली आणि बदली भूमला झाली. तिथं एका बाजाराच्या दिवशी मी मोटारीच्या थांब्यावर उभा होतो. डोक्यावर छत्री, कारण ऊन फार होतं. तीन मोटारी लागल्या होत्या. पाट्या नुकत्याच बदललेल्या, सगळ्या मराठीत. समोर गर्दीत मला हजराचाची दिसली, पायाशी दोन गाठोडी. तिच्या बाजूला चाचा. युसूफकडं निघाले असावेत; त्याच्या गिरणीतून काही निरोप आला असं मी ऐकलं होतं. चाचांना अक्षरओळख कधीच नव्हती, उर्दूची नाही आणि मराठीचीही नाही. ते एका मोटारीच्या पाटीकडं तोंड वर करून बघत होते. शेजारच्या माणसाला त्यांनी काही विचारलं. तो खांदे उडवून निघून गेला. दुसऱ्याला विचारलं. त्यानं ऐकलंच नाही. मग कुणी वाचणारा दिसतो का ते बघायला चाचा वळले, आणि एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर माझ्या बाजूला यायला लागली.

मी छत्री खाली ओढली.

तिच्या कडेखालून मला फक्त पाय दिसत होते. एक जोडी पाय, फुटलेल्या टाचांचे, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर थांबले. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग वळले. पलीकडं त्यांचा आवाज ऐकू आला, कुणा पोरट्याला विचारत होते, "बाळा, ही कुठली हाय रं?" पोरगं काय बोललं ते मोटार सुरू झाल्याच्या आवाजात कळलं नाही. मी छत्री वर केली तेव्हा गाठोडी नव्हती, दोघंही नव्हती, आणि तीनपैकी कुठल्या मोटारीत ते चढले, ते मला सांगता येणार नाही.